शिधासाहाय्य (ठाणे–नवी मुंबई)

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला सरकारी धान्य मिळावे म्हणून केली जाणारी मदत. शिधापत्रिका काढून देणे, तिच्यावर नावे चढवणे किंवा कमी करणे, ती ऑनलाइन नोंदीत आणणे आणि धान्य पिशवीत पडेपर्यंत पाठपुरावा करणे ही यातली मुख्य कामे. ठाणे आणि नवी मुंबईत ती वस्तीतल्या कार्यकर्त्या, महिला बचत गट, कामगार व आदिवासी संघटना, सामाजिक संस्था आणि काही ठिकाणी शिधावाटप दुकानदार स्वतः करतात. पैसे घेऊन हेच काम करणारे दलालही आहेत. या नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

संज्ञा : ‘शिधा’ म्हणजे न शिजवलेले अन्न : तांदूळ, डाळ, पीठ, मीठ. हा शब्द संस्कृत ‘सिद्ध’ याच्याशी जोडला जातो आणि ती व्युत्पत्ती स्वीकारायला अडचण दिसत नाही. वारकऱ्याला, भटजीला, मठात उतरलेल्या वाटसरूला शिधा देण्याची रीत जुनी आहे आणि त्या वापरात दानाचा भाव आहे. ‘शिधापत्रिका’ या सरकारी शब्दात तोच शिधा हक्काचा झाला. बोलण्यात मात्र ‘रेशन’ हाच शब्द चालतो. जुनी माणसे अजून ‘कंट्रोलचा तांदूळ’ म्हणतात.

उगम : मुंबईत शिधावाटप केव्हा सुरू झाले याविषयी दोन मते आहेत. अनेक पाठ्यपुस्तकांत १९३९ हे वर्ष दिलेले असते. दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, जीवनावश्यक वस्तूंचे भाव ठरवण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाले, त्यावरून हा समज रूढ झाला असावा. पण भाव ठरवणे वेगळे आणि कार्डावर माणशी ठरावीक धान्य देणे वेगळे. या दुसऱ्या अर्थाचे शिधावाटप मुंबई शहरात मे १९४३ मध्ये सुरू झाले, बंगालच्या दुष्काळाच्या वर्षी. त्याच वर्षी ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने मोठ्या शहरांत शिधावाटप लागू करण्याची शिफारस केली. त्यामुळे १९४३ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

पुढे १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे सैल झाली, वर्षभरात परत आली आणि रफी अहमद किडवई केंद्रात अन्नमंत्री असताना १९५४ च्या सुमारास उठली. १९६५-६६ च्या अवर्षणानंतर चित्र पुन्हा पालटले. ‘महाराष्ट्र अन्नधान्य शिधावाटप (द्वितीय) आदेश, १९६६’ हा त्या काळातला. ठाण्या-नवी मुंबईतल्या शिधावाटपाची आजची प्रशासकीय चौकट समजून घ्यायची तर या आदेशापासून सुरुवात करावी लागते.

कार्यक्षेत्राचा प्रश्न : राज्यात अन्यत्र पुरवठ्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालचे जिल्हा पुरवठा अधिकारी आणि तालुक्याला तहसीलदार पाहतात. मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्राला हे लागू नाही. तेथे ‘नियंत्रक शिधावाटप व संचालक नागरी पुरवठा, मुंबई’ हे स्वतंत्र कार्यालय आहे. त्याची परिमंडळे अक्षरांनी ओळखली जातात आणि ठाण्याचे ते ‘फ’ परिमंडळ. म्हणून ठाणे जिल्ह्याचे पुरवठ्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. ठाणे, कल्याण-डोंबिवली अशी शहरे फ परिमंडळातल्या शिधावाटप कार्यालयांकडे, तर शहापूर-मुरबाडसारखा ग्रामीण भाग जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे. दुकानाच्या पाटीवरही हा फरक दिसतो. शहरात ‘अधिकृत शिधावाटप दुकान’, बाहेर ‘रास्त भाव दुकान’.

नवी मुंबईत हा गुंता आणखी वाढतो. लोकांच्या बोलण्यातली नवी मुंबई दोन जिल्ह्यांत आहे. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सिडकोनेच वसवलेली उपनगरे रायगड जिल्ह्यात, २०१६ पासून पनवेल महापालिकेत. बेलापूरहून खारघरला भाड्याची खोली बदललेले कुटुंब लोकलच्या एका स्थानकाने सरकते, पण त्याचे कार्ड एका यंत्रणेतून दुसरीत जाते. चुकीच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेल्यामुळे बुडालेला दिवस म्हणजे बुडालेला रोज. अनुभवी कार्यकर्ती म्हणूनच आधी वीजबिलावरचा पत्ता पाहते, अर्जाला हात नंतर लावते.

पात्रता आणि इष्टांक : राज्यात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका लागू झाल्या : पिवळी, केशरी, पांढरी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्राने तो १ फेब्रुवारी २०१४ पासून राबवला. त्याखाली अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य महिन्याला मिळते. तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो असा मूळ दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. तांदूळ-गव्हाचे प्रमाण मधूनमधून बदलते.

नव्या माणसाची फसगत होते ती कार्डाच्या रंगापाशी. केशरी कार्ड १५ हजार ते १ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळते. परंतु प्राधान्य गटासाठी शहरी भागात ५९ हजारांची मर्यादा घातली गेली. म्हणजे केशरी कार्ड असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला धान्य मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. फरक असतो तो कार्डाच्या पानावरच्या ‘प्राधान्य कुटुंब’ या शिक्क्याचा आणि त्यामागच्या संगणकातल्या नोंदीचा. ज्यांची नोंद नाही त्यांना कार्यालयात ‘एनपीएच’ (प्राधान्य नसलेले कुटुंब) म्हणतात. ५९ हजार वर्षाला म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई याहून थोडे जास्त मिळवते आणि तेवढ्यावर घरभाडेही भरते. ही मर्यादा ठाण्यासारख्या शहरातल्या भुकेचे माप होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

उत्पन्न मर्यादेत बसले तरी ‘इष्टांक’ उरतो. कायद्याने महाराष्ट्रातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना सामावायचे ठरले; एकूण सुमारे ७ कोटी. हा आकडा जिल्हावार आणि कार्यालयवार वाटला जातो. त्या वाट्याला इष्टांक म्हणतात. तो भरला की नवे नाव घेता येत नाही; मृत्यू, स्थलांतर किंवा अपात्रता यांमुळे जागा रिकामी व्हावी लागते. मोजणीचा पाया २०११ च्या जनगणनेचा आहे. तेव्हा ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४१ लाख आणि नवी मुंबईची ११.२० लाख होती. त्यानंतर दिवा, मुंब्रा, घोडबंदर रस्ता आणि तुर्भे-दिघा पट्ट्यात किती वस्ती वाढली हे लोकलने रोज जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात २९ जून २०२१ रोजी दिलेल्या निकालात, कायद्याच्या कलम ९ नुसार लाभार्थ्यांची संख्या नव्याने ठरवण्याची प्रक्रिया हाती घ्यावी असे केंद्राला सांगितले होते.

‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर खिडकीवर तोंडी मिळते आणि बहुतेक अर्जदार तेथूनच माघारी फिरतात. साहाय्याचे खरे काम इथे सुरू होते. अर्ज तरीही द्यायचा, पोच घ्यायची, नकार असेल तर लेखी मागायचा. रिकामी जागा होईल तेव्हा कोणाचा विचार व्हावा याचा आधार तो कागदच असतो.

गावचे कार्ड : नवी मुंबईच्या दगडखाणी, बांधकामे आणि एमआयडीसीभोवतीच्या वस्त्यांत मराठवाडा-विदर्भातून आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याबाबत वर्षानुवर्षे एकच सल्ला दिला गेला : गावच्या कार्डातून नाव कमी करा, दाखला आणा, इथे नवे कार्ड काढा. आज हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. गावी प्राधान्य यादीत असलेले नाव कापले जाते आणि शहरात इष्टांकाअभावी केशरी कार्ड धान्याविना हाती येते. घर दोन्हीकडून जाते.

‘एक देश एक शिधापत्रिका’ ही सोय त्यासाठी महत्त्वाची. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांत तिचा प्रयोग झाला आणि जानेवारी २०२० पासून ती अधिक राज्यांत गेली. बारा अंकी कार्ड क्रमांक आणि आधार जोडलेला असेल तर परभणीचे किंवा जौनपूरचे कार्ड तुर्भ्याच्या दुकानात चालायला हवे. काही माणसे गावी आणि काही इथे असतील तर दोघांनी आपापल्या ठिकाणी वाटून उचलता येते, पण आधी कोणी किती उचलायचे हे फोनवर ठरवावे लागते. एकाने सगळे उचलले की दुसऱ्याच्या मशीनवर शून्य दिसते. दुकानदार ‘बाहेरचे कार्ड, माल आला नाही’ म्हणाला तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

दुकानातले काम : धान्य सहसा ई-पॉस मशीनवर, म्हणजे बोटाच्या ठशाने ओळख पटवून विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, अंगठा उमटल्यावर मिळते. खाणीत घण मारणारे, सिमेंट कालवणारे, वर्षभर भांडी घासणारे हात मशीनला ओळखू येत नाहीत. सोबत गेलेली कार्यकर्ती पदराने किंवा ओल्या फडक्याने बोट पुसते, थोडे तेल लावते, मग अंगठा सोडून मधले बोट, मग डावा हात असे एकेक करून पाहते. दहा बोटांत एखादे लागते. नाहीच लागले तर घरातल्या दुसऱ्या सदस्याला बोलावायचे, आणि एकट्या म्हातारीच्या बाबतीत दुसरे कोणी नसते. मशीन चालले की छापील पावती निघते. ती मागून घेणे आणि पिशवी तोलून पाहणे ही साधी गोष्ट, पण माणशी पाचऐवजी चार किलो देणाऱ्या दुकानात हाच एक पुरावा राहतो. अलीकडच्या ई-केवायसी मोहिमेत प्रत्येक सदस्याची ओळख पटवणे आवश्यक झाले. चेहरा दाखवून घरबसल्या ते करण्याचे अॅप आहे, त्यासाठी वस्तीत स्मार्टफोनवाली एखादी मुलगी पुढे येते.

अर्जांचे नमुने ठरलेले आहेत : नव्या कार्डाला नमुना १, नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९. कार्डावरच्या एका माणसाला बोलण्यात ‘युनिट’ म्हणतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार कुटुंबातली १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री कार्डाची कुटुंबप्रमुख मानली जाते. टाकलेल्या किंवा विधवा सुनेला नवे कार्ड काढताना हे कलम कामी येते. राहण्याचा पुरावा ही मोठी अडचण आहे, कारण झोपडीचा मालक भाडेकरार करून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना शिधापत्रिका देण्याचे आदेश राज्यांना दिले, तेव्हाही प्रश्न पुराव्याचाच होता.

चळवळीची पार्श्वभूमी : १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने लाटणे मोर्चे काढले, धान्य, तेल, साखर रास्त दरात मिळावी ही मागणी होती. नव्वदच्या दशकात रेशनिंग कृती समितीने वस्तीपातळीवर दुकानांवर लक्ष ठेवण्याचे काम केले. या दोन्ही प्रवाहांतून कार्ड तपासणारी, अर्ज लिहिणारी कार्यकर्ती घडली, असे म्हणता येईल. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात श्रमजीवी संघटनेने आदिवासींच्या शिधापत्रिकांचा प्रश्न सातत्याने लावून धरला. शहराला लागून असलेल्या येऊरच्या पाड्यांतही आदिवासी कुटुंबे राहतात.

टाळेबंदीचा काळ : एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी ५ किलो अधिक धान्य मिळाले, पण अन्नसुरक्षा यादीतल्यांनाच. यादीबाहेरच्या केशरी कार्डधारकांना राज्याने मे-जूनमध्ये गहू ८ आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला. ज्यांच्याकडे कोणतेच कार्ड नव्हते त्यांच्यासाठी केंद्राने दोन महिने माणशी ५ किलो धान्य मंजूर केले. या शेवटच्या गटाची नावे कोणत्याही दप्तरात नव्हती. ती वहीत उतरवावी लागली, गल्लीगल्लीने, दार वाजवून.

शिवभोजन : २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली दहा रुपयांची थाळी. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. नाक्यावर काम न मिळालेल्या मजुराला ती घेताना कार्ड, अंगठा, दाखला यांतले काहीही दाखवावे लागत नाही.