ट्यूडर हॉल

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, हार्फर्ड परगण्यातल्या बेल एअर गावाजवळचे विटांचे जुने घर. विख्यात इंग्रज नट ज्युनियस ब्रूटस बूथ (१७९६–१८५२) याने ते आपल्या कुटुंबासाठी बांधायला काढले. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याचे घर म्हणूनच ते ओळखले जाते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. या घराण्यात लपवाछपवी सुरू झाली ती खुनाच्या कितीतरी आधी, आणि हे घर उभे राहिले तेच एक जुने गुपित उघडे पडल्यानंतर.

ज्युनियसने १८१५ साली लंडनमध्ये अ‍ॅडलेड डेलानॉय हिच्याशी लग्न केले. त्यांना रिचर्ड नावाचा मुलगा झाला. १८२१ मध्ये बायको-मुलाला मागे ठेवून तो मेरी अ‍ॅन होम्स या तरुणीबरोबर अमेरिकेला निघून आला. बेल एअरजवळच्या रानात त्याने १५० एकर जमीन एक हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. मोठ्या शहरांतल्या प्रयोगांना गर्दी लोटत होती, नाव गाजत होते. बिऱ्हाड मात्र रस्त्यापासून दूर, ओंडक्यांच्या लहानशा घरात. तिकडे लंडनला अ‍ॅडलेडच्या खर्चासाठी पैसे जात राहिले. मेरी अ‍ॅनला दहा मुले झाली. त्यांतली तीन १८३३ साली लागोपाठ दगावली आणि शेतातच पुरली गेली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, अमेरिकेचे आकाश उल्कावर्षावाने उजळून निघाले त्या रात्री, एडविन जन्मला; पुढे देशातला सर्वश्रेष्ठ हॅम्लेट म्हणून ज्याचे नाव झाले तो हाच. मुलगी आशिया १८३५ ची, जॉन विल्क्स १० मे १८३८ चा. बापाला प्राणिहत्येचा तिटकारा होता. तो स्वतः मांस खात नसे आणि शेतावर जनावर मारू देत नसे.

१८४६ च्या अखेरीस अ‍ॅडलेड बाल्टिमोरला येऊन थडकली. एव्हाना अमेरिकेत आलेल्या रिचर्डला बापाचा दुसरा संसार कळला होता. सवत समोर आली आणि पंचवीस वर्षे झाकलेले चव्हाट्यावर आले. १८५१ मध्ये घटस्फोट झाला, आणि १० मे रोजी, जॉनच्या तेराव्या वाढदिवशी, ज्युनियस व मेरी अ‍ॅन यांचे रीतसर लग्न लागले. आपण इतके दिवस कायद्याने अनौरस होतो हे मुलांना आई-बापाच्या लग्नाने कळावे, ही या घराण्यातली खरी शोकांतिका. अ‍ॅडलेड १८५८ मध्ये वारली. तिच्या थडग्यावर ती ‘शोकनट ज्युनियस ब्रूटस बूथ याची पत्नी’ आहे. दगडावर तरी तिने आपला हक्क सोडला नाही.

घराचे काम या वादळातच हाती घेतले गेले. विल्यम रॅनलेट या वास्तुकाराने १८४७ च्या सुमारास छापलेल्या नमुन्यावरून ते बेतलेले आहे. उताराचे छप्पर, शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान काचा जडवलेल्या खिडक्या, अशी तेव्हा लोकप्रिय असलेली गॉथिक धाटणी. चार लोकांत मिरवता येईल असे घर त्याच वेळी बांधायला घ्यावे, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. बांधकाम करणारा जेम्स गिफर्ड पुढे वॉशिंग्टनचे फोर्ड्‌स थिएटर उभारण्यातही होता. ज्युनियसला मात्र या घरात राहायला मिळाले नाही. कॅलिफोर्नियाचा दौरा आटोपून एकटाच परतताना ३० नोव्हेंबर १८५२ रोजी आगबोटीवर त्याचा अंत झाला.

मग इथे राहिली ती आई आणि मुले. जॉनने शेती करून पाहिली, ती बसली. कॉकीजव्हिलच्या शाळेत असताना एका जिप्सी बाईने त्याचा हात पाहून सांगितले होते, की हात वाईट आहे, आयुष्य थोडे आहे, शेवट बरा नाही. त्याने ते भविष्य कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने उतरवून घेतले आणि घरी आणून बहिणीला वाचून दाखवले. ही आठवण आशियाची आहे.

२५ नोव्हेंबर १८६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये बापाच्याच नावाचा ज्युनियस, एडविन आणि जॉन हे तिघे भाऊ ‘ज्युलियस सीझर’मध्ये एकत्र उभे राहिले. तो एकच प्रयोग. पाच महिन्यांच्या आत, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, जॉनने फोर्ड्‌स थिएटरमध्ये लिंकन यांच्यावर गोळी झाडली, आणि २६ एप्रिलला व्हर्जिनियातल्या एका शेतावर तो मारला गेला. याच्या काही काळ आधी एडविनने जर्सी सिटीच्या फलाटावर गाडीखाली जाता जाता एका तरुणाला कॉलर धरून वर ओढले होते. तो लिंकन यांचा मुलगा रॉबर्ट निघाला.

खुनानंतर घराण्याने जॉनचे नाव ओठांवर येऊ दिले नाही. १८७३ मध्ये एका रात्री एडविनने आपल्या नाट्यगृहाच्या भट्टीपाशी जॉनचा पेटारा उघडला आणि एकेक पोशाख हातात घेऊन आगीत टाकला, असे त्या वेळी सोबत असलेल्या सेवकाने पुढे सांगितले. त्यांत बापाचे वस्त्रही होते. आशिया तोवर इंग्लंडला गेली होती. तिचा नवरा, विनोदी नट जॉन स्लीपर क्लार्क, बूथ नावाला विटला होता. १८७४ मध्ये तिने भावाच्या आठवणी चोरून एका वहीत लिहिल्या. वहीला कुलूप होते. १८८८ मध्ये ती वारली. वही तिने इंग्लंडमधल्या फार्जन या लेखकाच्या कुटुंबाच्या स्वाधीन केली होती. ती छापून आली १९३८ साली. ट्यूडर हॉलच्या आतले जगणे आज आपल्याला दिसते ते मुख्यतः त्या वहीमुळे. बहिणीच्या मायेने लिहिलेले आहे, तेव्हा जपून वाचावे लागते. पण खुनी म्हणून गाडून टाकलेल्या माणसाचे बालपण दुसऱ्या कोणी लिहूनच ठेवले नाही.

एडविन ७ जून १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. ९ जूनला त्याची अंत्ययात्रा निघाली, आणि त्याच सकाळी वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरी झालेल्या फोर्ड्‌स थिएटरचे मजले कोसळून २२ जण ठार झाले.

जॉनचे प्रेत सरकारने तुरुंगाच्या आवारात गुपचूप पुरले होते. १८६९ मध्ये ते घरच्यांना मिळाले आणि बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीत आले. शेतात पुरलेली भावंडेही तिथेच नेली गेली. प्रेत त्याचे नव्हेच, तो निसटला, ही वदंता तरीही थांबली नाही; एका भलत्याच माणसाची ममी जॉन म्हणून जत्रांतून फिरवली गेली. थडगे उकरण्याची मागणी १९९५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. त्याला नावाचा स्वतंत्र दगड नाही. बापाच्या स्मारकाच्या मागच्या बाजूला, लहानपणी गेलेल्या भावंडांच्या ओळीत, एक ‘जॉन विल्क्स’ तेवढा कोरलेला आहे.

मेरी अ‍ॅनने १८७८ मध्ये घर विकले. नंतरच्या मालकीण एला महोनी यांनी ते जपले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवले. २००६ मध्ये हार्फर्ड परगण्याच्या प्रशासनाने ते विकत घेतले.