कोइंब्रा

पोर्तुगालमधील विद्यापीठनगर. मोंदेगु नदीच्या उजव्या तीरावरील टेकडीवर, लिस्बनच्या उत्तरेस सुमारे २०० किमी. अंतरावर ते वसले आहे. रोमन काळात त्याचे नाव एमिनियम होते. आजचे नाव दक्षिणेकडच्या कोनिम्ब्रिगा या उजाड झालेल्या रोमन शहराकडून आले. तिथला बिशप इकडे राहायला आला आणि गावाचे नावही सोबत घेऊन आला. १०६४ मध्ये लेओनचा राजा फर्दिनांद पहिला याने हे शहर मूर मुसलमानांकडून जिंकले. पुढे पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु एन्रिकेश याने इथे आपली राजधानी केली आणि १२५५ पर्यंत ती इथेच राहिली. विद्यापीठ, त्याभोवतीची वरची वस्ती आणि खालचा सोफिया रस्ता यांचा २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

शहराचे दोन भाग पडतात : टेकडीवरचा ‘आल्ता’ आणि पायथ्याचा बाजार म्हणजे ‘बाइशा’. पाहणाऱ्याने खालून सुरुवात करावी, कारण शहराचा इतिहासही खालून वर चढत गेलेला आहे. बाजारात सर्वांत आधी सांता क्रूझ मठाची दर्शनी भिंत समोर येते. सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. मुंबईच्या उपनगराचे नावही याच दोन शब्दांचे. ऑगस्टिनियन पंथाच्या या मठाची स्थापना ११३१ मधली. त्याचे पहिले प्रमुख तेओतोनियु यांना पोर्तुगालचे पहिले संत मानतात. आफोंसु एन्रिकेश आणि त्याचा मुलगा सांशु पहिला हे दोघे मुख्य वेदीच्या दोन बाजूंना चिरनिद्रा घेत आहेत. त्यांच्या आजच्या कोरीव समाध्या मात्र सोळाव्या शतकातल्या आहेत. वास्कु द गामाला हिंदुस्थानकडे धाडणाऱ्या मानुएल राजाला आपल्या पूर्वजांची साधी थडगी शोभेनाशी वाटली, म्हणून त्याने ती नव्याने घडवून घेतली.

याच मठात फेर्नांदु नावाचा लिस्बनचा एक तरुण लॅटिन आणि धर्मशास्त्र शिकत होता. १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचे अवशेष कोइंब्राला आणले गेले. ते पाहून त्याने सुखवस्तू मठ सोडला, फ्रान्सिस्कनांचा जाडाभरडा झगा अंगावर घातला आणि आंतोनियु हे नाव घेतले. गोव्यात आणि वसईत १३ जूनला ज्यांचा सण साजरा होतो, ते सेंट अँथनी हेच. जग त्यांना पादुआचे म्हणून ओळखते. त्यांची पाठशाळा मात्र ही. मठाला लागून असलेल्या जुन्या चर्चमध्ये १९२३ पासून कॅफे चालतो. जिथे प्रार्थना चालायची त्याच कमानींखाली लोक आता कॉफी पीत वर्तमानपत्र चाळत बसतात, आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही.

आल्मेदिना कमानीतून वर जाणाऱ्या पायऱ्यांना ‘केब्रा-कोश्ताश’ म्हणतात, म्हणजे पाठ मोडणाऱ्या. पावसात त्यांचा दगड गुळगुळीत होतो, तेव्हा हे नाव कुणी ठेवले असेल असा प्रश्न पडत नाही. वर पोहोचताच जुने कॅथेड्रल, ‘से व्हेल्या’, दिसते. बाराव्या शतकातली ही वास्तू चर्चपेक्षा गढीसारखी अधिक भासते : जाड भिंती, वर कंगोरे, खिडक्या नावापुरत्या. मूरांशी लढाई संपलेली नव्हती आणि बांधणाऱ्यांना त्याची पुरती जाणीव होती. सांशुचा राज्याभिषेक ११८५ मध्ये इथेच झाला. बाहेरच्या भिंतीच्या एका दगडावर अरबी लेख आहे. आत फ्लेमिश कारागिरांनी घडवलेला, सोन्याचा मुलामा दिलेला लाकडी वेदीपट आणि सेव्हिलहून आणलेल्या रंगीत फरशा आहेत. घाई असेल तर एवढे एकच चर्च आतून पाहावे.

विद्यापीठाची स्थापना राजा दिनिश याने १२९० मध्ये केली, पण ती लिस्बनला. पुढची अडीचशे वर्षे ते राजांच्या मर्जीने लिस्बन आणि कोइंब्रा यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहिले. १५३७ मध्ये जुआंव तिसरा याने ते कायमचे कोइंब्राला आणले आणि स्वतःच्या जुन्या राजवाड्यात बसवले. १५९७ मध्ये विद्यापीठाने तो वाडा विकतच घेतला. त्यामुळे आजही इथे प्रबंधाची तोंडी परीक्षा एकेकाळच्या राजदरबारात, राजांच्या तसबिरींखाली होते. चौकातल्या मनोऱ्यातील एका घंटेला विद्यार्थ्यांनी ‘काब्रा’, म्हणजे बकरी, असे नाव दिले आहे.

चौकाच्या कडेला संत मिखाएलचे छोटे चर्च आहे. १७३३ मधला त्यातला ऑर्गन सुमारे दोन हजार नळ्यांचा असून लाल-सोनेरी रंगात चिनी धर्तीची चित्रे त्यावर काढलेली आहेत. शेजारचे जुआनिना ग्रंथालय १७१७ ते १७२८ दरम्यान, जुआंव पाचवा याच्या काळात बांधले गेले. ब्राझीलच्या सोन्याचा तो काळ आणि ते सोने इथे डोळ्यांत भरते. तीन दालने एकापुढे एक अशी रचली आहेत आणि शेवटी, चर्चमध्ये जिथे वेदी असते नेमक्या त्या जागी, राजाचे चित्र टांगले आहे. पुस्तकांच्या मंदिरात देव कोण, हे सांगायची ही पद्धत फारशी विनम्र म्हणता येणार नाही.

ग्रंथालयाचे खरे राखणदार वटवाघळे आहेत. कपाटांच्या मागे राहणारी ही वटवाघळे रात्री बाहेर येऊन कागद खाणारे किडे फस्त करतात. संध्याकाळी कर्मचारी जुन्या मेजांवर चामड्याची आच्छादने घालतात आणि सकाळी विष्ठा झाडून टाकतात. या दालनांच्या खाली विद्यार्थ्यांसाठीचा तुरुंग आहे. विद्यापीठाचे न्यायालय वेगळे होते, म्हणून कोठडीही वेगळी. (आपला ‘तुरुंग’ हा शब्दच पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आलेला, हे इथे उभे असताना आठवल्याशिवाय राहत नाही.)

गोव्याशी कोइंब्राचा संबंध या ग्रंथालयाहून जुना आहे. फ्रान्सिस झेवियर ज्या वर्षी गोव्यात उतरले त्याच वर्षी, १५४२ मध्ये, त्यांचे सहकारी सिमांव रुद्रिगेश यांनी इथे आपल्या जेझुइट पंथाचे महाविद्यालय काढले. हिंदुस्थान, जपान, ब्राझीलला जाणारे कित्येक मिशनरी इथून तयार होऊन बाहेर पडले. इथल्या अध्यापकांची ॲरिस्टॉटलवरची भाष्ये युरोपभर वाचली जात. १७५९ मध्ये पोंबाल या प्रधानाने जेझुइटांना देशाबाहेर घालवले. त्यांचे भव्य चर्च मग ‘से नोव्हा’, म्हणजे नवे कॅथेड्रल, झाले आणि महाविद्यालयाच्या इमारतीत १७७२ च्या सुधारणांनंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळा आल्या. १८३४ मध्ये सगळेच पुरुष मठ बरखास्त झाले. सोफिया रस्त्यावर ओळीने उभ्या असलेल्या पंथांच्या महाविद्यालयांची तेव्हा कचेऱ्या, बराकी आणि गोदामे झाली.

गोव्याशी जोडणारा दुसरा धागा काळा आहे. पोर्तुगीज इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचा छडा लावणाऱ्या यंत्रणेची, कायमची न्यायालये चार होती : लिस्बन, एव्होरा, कोइंब्रा आणि गोवा. गोव्यातल्या न्यायालयाची इमारत पाडली गेली. कोइंब्राचे आवार मात्र ‘पातिउ दा इंक्विझिसांव’ या नावाने सांता क्रूझपासून चार पावलांवर आजही आहे. ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबांवर गुपचूप जुना धर्म पाळल्याचा आरोप ठेवून इथे खटले चालत. त्यातून विद्यापीठाचे प्राध्यापकही सुटले नाहीत : चर्चच्या कायद्याचा पंडित आंतोनियु ओमें याला १६२४ मध्ये मृत्युदंड झाला. शहर दाखवणारे वाटाडे या आवारात फारसे रेंगाळत नाहीत. गोव्याकडून गेलेल्या माणसाने मात्र थोडे थांबावे.

पुढच्या काळातले धागे गुंतागुंतीचे आहेत. कोइंब्रात वैद्यक शिकलेला कुन्या रिव्हारा १८५५ मध्ये गोव्यात सचिव म्हणून आला आणि कोकणीचा कैवारी झाला. आसगावचे पाद्री सेबास्तियांव रुदोल्फु दालगादु यांचे आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचे ग्रंथ कोइंब्रा विद्यापीठाच्या छापखान्यातून निघाले. इथे अर्थशास्त्र शिकवणारा सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री होऊन लिस्बनला गेला. पुढे देशाचा हुकूमशहा होऊन १९६१ पर्यंत गोवा सोडायला ठाम नकार देणारा तो हाच. आणि १९२८ मध्येच कोइंब्रात शिकणाऱ्या आदेओदातु बारेतु या मडगावच्या तरुणाने गोमंतकीय सोबत्यांसह ‘इंदिया नोव्हा’, म्हणजे नवा भारत, हे नियतकालिक सुरू केले.

विद्यार्थ्यांचा काळा झगा आणि काळा अंगरखा हा पाद्र्यांच्या पोशाखातूनच आलेला आहे. मे महिन्यात वर्ष संपताना विद्याशाखांच्या रंगीत फिती जाळण्याचा सोहळा होतो. त्याच्या सुरुवातीला मध्यरात्री से व्हेल्याच्या पायऱ्यांवर, खांद्यावर झगे टाकून, पुरुष फादु ही पोर्तुगीज गाणी गातात. खालचा चौक काळ्या झग्यांनी भरून जातो.

आता नदीपलीकडे. विद्यापीठ काढणाऱ्या दिनिशची राणी इझाबेल हिने समोरच्या तीरावर क्लारिसा पंथाच्या जोगिणींचा मठ उभारला. नवऱ्याने विद्येला घर दिले, बायकोने वैराग्याला. टिकली मात्र विद्येची जागा, कारण ती उंचावर होती. मोंदेगुचे पाणी दर पुराला मठात शिरे. जोगिणी मजला उचलत राहिल्या आणि अखेर १६७७ मध्ये टेकडीवरच्या नव्या मठात गेल्या. गाळात अर्धे बुडालेले जुने चर्च विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन करून मोकळे केले आणि २००९ पासून ते पाहायला मिळते. भिंतींवरच्या पाण्याच्या रेषा अजून दिसतात. १३५५ मध्ये राजाज्ञेने मारली गेलेली, युवराज पेद्रुची प्रेयसी इनेश द काश्त्रु याच परिसरात राहत असे.

इझाबेलला १६२५ मध्ये संतपद मिळाले. गरिबांसाठी पदरात लपवलेल्या भाकरीची राजासमोर गुलाबाची फुले झाली, ही तिची कथा इथे प्रत्येक मुलाला पाठ असते. ‘राइन्या सांता’, संत राणी, या नावानेच लोक तिला ओळखतात. सम वर्षी जुलैमध्ये तिची मूर्ती रात्री टेकडीवरून खाली निघते आणि मेणबत्त्या घेतलेल्या लोकांसोबत पूल ओलांडून शहरात येते. काही बायका पूर्ण वाट अनवाणी चालतात. दोन-तीन दिवस गावात मुक्काम करून रविवारी ती पुन्हा नदीपार आपल्या मठात जाते.