तेल, घाम आणि पाणी: ऋतुबदलाच्या उपचारांची पार्श्वभूमी

हवा पालटायला लागली की कुणाचं नाक चोंदतं, कुणाची कातडी ओढल्यासारखी होते, कुणाचे सांधे कुरकुरतात. नेमक्या याच दिवसांत स्पामधले फलकही बदलतात. थंडीसाठी गरम तेलाचा मसाज, उन्हाळ्यासाठी थंडावा देणारा लेप, मधल्या दिवसांसाठी 'डिटॉक्स'. तास-दीड तासाचं पॅकेज घ्यायचं आणि नव्या ऋतूसाठी तयार व्हायचं, अशी ही कल्पना आहे. ती जाहिरातवाल्यांना परवा सुचलेली नाही, दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मात्र जुन्या वैद्यांनी तिच्याशी वेळेची एक गाठ घट्ट बांधून ठेवली होती. उपचार कधी सुरू करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, नंतर किती थांबायचं, हे सगळं त्या गाठीत होतं. आज उपचार उरले आहेत आणि ती गाठ सैल झाली आहे. ती कशी बांधली गेली आणि कुठे सुटली, हे पाहण्यासारखं आहे.

ऋतू बदलताना माणूस आजारी पडतो, हे निरीक्षण जगात अनेक ठिकाणी झालेलं दिसतं. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'हवा, पाणी आणि ठिकाणं' या ग्रंथाची सुरुवातच अशी आहे की, ज्याला वैद्यक नीट शिकायचं आहे त्याने आधी ऋतूंचा विचार करावा. त्याच परंपरेतल्या सूत्रसंग्रहात बहुतेक रोगांचं मूळ ऋतुबदलात आहे असं सांगितलं आहे. त्यामागचा सिद्धांत शरीरातल्या चार द्रवांचा होता. थंडीत कफ वाढतो, उन्हाळ्यात पित्त वाढतं, तेव्हा आहार, व्यायाम आणि स्नान त्या त्या ऋतूप्रमाणे बदलावं, अशी ती मांडणी. चार द्रवांचा सिद्धांत आज कुणी मानत नाही. निरीक्षण मात्र खोटं ठरलेलं नाही.

या विषयाचा सर्वांत बारकाईने विचार आयुर्वेदाने केला, असं मला वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय आणि सातव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला तिसरा अध्याय ऋतुचर्येचेच आहेत. वर्षाचे सहा ऋतू आणि वात, पित्त, कफ या तीन दोषांचं चक्र ठरलेलं. थंडीत साठलेला कफ वसंतात उसळतो, उन्हाळ्यात साठलेला वात पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात. म्हणून वसंतात वमन (औषधाने उलटी), पावसाळ्यात बस्ती (औषधी एनिमा), शरदात विरेचन (औषधाने जुलाब). चरकाने साठलेले दोष काढून टाकण्याचे महिनेही दिले आहेत: चैत्र, श्रावण आणि मार्गशीर्ष. उपचाराची वेळ त्रास सुरू झाल्यावरची नव्हती, दिनदर्शिका पाहून आधीच ठरवलेली होती.

वाग्भटाने तर एक छोटी खिडकीच आखून दिली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, या चौदा दिवसांना त्याने ऋतुसंधी म्हटलं. या काळात जुन्या ऋतूची पथ्यं हळूहळू सोडायची आणि नव्याची हळूहळू धरायची. सवयीची गोष्ट एकदम सोडली किंवा नवी एकदम धरली तर त्यातूनच आजार उद्भवतात, असं तो स्पष्ट बजावतो. ऋतुबदलाच्या उपचारांचं सगळं सार मला या एका सूचनेत दिसतं.

आज स्पामध्ये जे 'आयुर्वेदिक' म्हणून मिळतं, त्याचं या चौकटीतलं स्थान समजून घेतलं पाहिजे. अंगाला तेल लावणं म्हणजे अभ्यंग आणि वाफ देऊन घाम काढणं म्हणजे स्वेदन. शोधनाच्या, म्हणजे साठलेले दोष काढून टाकण्याच्या उपचारांच्या आधी ही दोन्ही पूर्वतयारी होती. शरीर आधी स्निग्ध करायचं, मग घाम काढून सैल करायचं, आणि त्यानंतर वैद्याच्या देखरेखीखाली मुख्य उपचार. आजच्या पॅकेजमध्ये पूर्वतयारीलाच संपूर्ण उपचाराचं नाव मिळालं आहे. त्यात वाईट काही नाही. थंडीच्या दिवसांत रोज अभ्यंग करावा, डोक्याला तेल लावावं, असं चरक निरोगी माणसालाही सांगतो, तेव्हा तेल-वाफ स्वतंत्रपणेही उपयोगी मानली गेली होतीच. फक्त त्याला पंचकर्म, म्हणजे शोधनाचे पाच मुख्य उपचार, म्हणू नये. वमन आणि बस्ती मसाजच्या टेबलावर उरकायच्या गोष्टी नाहीत.

हेमंत ऋतूच्या वर्णनात चरक 'जेन्ताक' नावाचा स्वेद घ्यायला सांगतो. त्याची कृती चौदाव्या अध्यायात इतकी तपशीलवार आहे की वाचताना खोली डोळ्यांपुढे उभी राहते. जलाशयाच्या काठी, सपाट जमिनीवर, गोलाकार, मातीने लिंपलेली आणि अनेक झरोके असलेली ही खोली. उंची आणि रुंदी फार तर सोळा अरत्नी. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं माप म्हणजे एक अरत्नी. आत भिंतीला लागून दारापर्यंत फिरणारा एक अरत्नी रुंद आणि तितकाच उंच ओटा. मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक भोकं असलेली मातीची भट्टी. तिच्यात खैराची लाकडं पेटवायची. लाकडं नीट जळून धूर निघून गेला आणि खोलीत फक्त ऊब उरली की अंगाला तेल लावलेल्या, वस्त्र पांघरलेल्या माणसाला आत सोडायचं. त्याने ओट्यावर पडायचं, सोईप्रमाणे कूस बदलायची. घेरी आली तरी ओट्याचा आधार सोडायचा नाही. ओटा सुटला तर दार सापडणार नाही आणि जीव गुदमरेल. घाम पुरेसा आला, अंग हलकं वाटलं की ओटा चाचपतच दारापर्यंत यायचं. आणि बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला हात लावायचा नाही. एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं थांबून, उष्मा आणि थकवा उतरल्यावर कोमट पाण्याने स्नान, मग जेवण.

ज्यांना घाम काढू नये अशांची यादीही याच अध्यायात आहे. गर्भवती स्त्री, नेहमी मद्य घेणारा, मधुमेही, थकलेला, भुकेला, तहानलेला, आणि रागावलेला किंवा शोकात असलेलाही. आजच्या कुठल्याही सॉनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीच्या दारावरचा सूचनाफलक वाचला तर यातली निम्मी नावं सापडतील. शोकात बुडालेल्या माणसाची विचारपूस मात्र कुठला फलक करत नाही.

रोमन लोकांनी हीच गोष्ट स्थापत्यात उतरवली. त्यांच्या स्नानगृहात कोमट दालन, गरम दालन आणि थंड पाण्याचं दालन असा क्रम असे. जमिनीखाली पोकळी ठेवून तिच्यातून भट्टीची गरम हवा खेळवली जाई. अंगाला तेल चोळायचं, घाम आला की वाकड्या धातूच्या पट्टीने तेल-मळ खरवडून काढायचा. वास्तुकार व्हिट्रुव्हियसने तर स्नानगृह उत्तरेकडे तोंड करून बांधू नये, गरम दालनांना हिवाळ्यातल्या मावळतीच्या दिशेने उजेड यावा असं लिहून ठेवलं आहे, कारण स्नानाची वेळ दुपारपासून संध्याकाळपर्यंतची. थंडीतला तिरपा सूर्यसुद्धा त्याने हिशेबात धरला होता. इसवी सन २१६ मध्ये खुली झालेली सम्राट काराकालाची स्नानगृहं आजही रोममध्ये भग्नावस्थेत पाहता येतात.

थंड पाण्याची पहिली मोठी लाटही रोममधलीच. इसवी सनापूर्वी २३ मध्ये सम्राट ऑगस्टस मरणाच्या दारात होता. गरम शेक देऊन गुण येईना, तेव्हा अँटोनियस म्यूसा या वैद्याने उलट उपाय केला, थंड स्नान आणि थंड पेय. सम्राट बरा झाला, म्यूसाचा पुतळा उभारला गेला. ऐन हिवाळ्यात म्यूसा आपल्याला गार पाण्याने न्हायला लावतो, असं कवी होरेसने एका पत्रकाव्यात लिहिलं आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टसचा तरुण भाचा मार्सेलस आजारी पडला, त्याच्यावर म्यूसाने तोच उपचार केला आणि तो वाचला नाही. गार पाण्याचे चमत्कार सांगणाऱ्यांनी ही दुसरी अर्धी गोष्टही सांगायला हवी.

'स्पा' हा शब्द मात्र रोमन नाही. 'पाण्यातून आरोग्य' अशा अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरं आहेत असं सर्रास सांगितलं जातं. ती मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती आहे. खरं मूळ म्हणजे बेल्जियममधलं स्पा हे गाव. तिथल्या लोहयुक्त, बुडबुडे येणाऱ्या पाण्याची ख्याती सोळाव्या शतकात इतकी पसरली की इंग्लंडमध्ये तसल्या झऱ्यांना त्या गावाचंच नाव पडलं. रशियाचा झार पीटर १७१७ मध्ये तिथे उपचारासाठी गेला होता. पुढे कार्लोव्ही व्हारी, बाडेन-बाडेन, व्हिशी अशी गावं नावारूपाला आली. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या अशा अकरा गावांना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं, त्यात स्पाही आहे.

या गावांचं वेळापत्रक हवेवर बेतलेलं असे. उबदार महिने हा त्यांचा 'सीझन', आणि मुक्काम साधारण तीन आठवड्यांचा. रोज ठरावीक झऱ्याचं ठरावीक पाणी, ठरावीक वेळ स्नान, मग झाडांखालून फेरफटका, लवकर झोप. माणूस बरा व्हायचा त्यात क्षारांचा वाटा किती आणि रोजच्या चालण्याचा, शांत झोपेचा किती, हे सोडवून सांगणं अवघड आहे. फ्रान्समध्ये आजही आरोग्यविम्यातून मिळणाऱ्या अशा उपचारात १८ दिवस प्रत्यक्ष उपचारांचे असतात, म्हणजे रविवार धरून तीन आठवडेच.

हाच आकडा जपानमध्येही सापडतो, हे मला विलक्षण वाटतं. गरम झऱ्यांवर जाऊन राहण्याच्या तिथल्या जुन्या रिवाजाला 'तोजी' म्हणतात. सात दिवसांचा एक फेरा आणि पूर्ण उपचाराला तीन फेरे. शेतकरी कापणी उरकल्यावर किंवा पेरणीच्या आधी जात, म्हणजे कामाचा एक हंगाम अंगातून उतरवून पुढच्याची तयारी करायला. कुसात्सू गावचं पाणी इतकं कढत की त्यात उतरणं अशक्य. गार पाणी मिसळलं तर क्षार पातळ होतील, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी तालावर गाणी म्हणत ते घुसळून निववायचं. मग सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि तीन मिनिटांत एकदम बाहेर. तिथेही एकट्याने मनाला येईल तितका वेळ बसायची मुभा नव्हती.

एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपात पाण्याचा उपचार पुन्हा नव्याने उभा राहिला. सायलेशियातल्या ग्रेफेनबर्ग इथे व्हिन्सेंट प्रीसनिट्झ या शेतकऱ्याने ओल्या चादरी गुंडाळून घाम काढायचा आणि मग गार पाण्यात बुडवायचं, असा उपचार सुरू केला. त्यानंतर आला सेबास्टियन क्नाइप. विणकराचा मुलगा, पुढे धर्मगुरू झालेला. विद्यार्थिदशेत छातीच्या दुखण्याने खंगला असताना पाण्याच्या उपचारावरचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं. १८४९ च्या हिवाळ्यात तो धावत डॅन्यूब नदीवर जाई, काही क्षण पाण्यात उतरे आणि कपडे चढवून तसाच धावत परते. अंग आधी धावून तापलेलं, बुडी क्षणभराची, नंतर लगेच ऊब. हा क्रम त्याने आयुष्यभर सांगितला. गारठलेल्या अंगावर गार पाणी घालायचं नाही हा त्याचा नियम. उन्हाळ्यात दवभरल्या गवतावर आणि हिवाळ्यात ताज्या बर्फावर काही मिनिटं अनवाणी चालायला तो सांगे, थोडं थोडं करून शरीर ऋतूला सरावावं म्हणून. १८८६ मध्ये त्याचं पाण्याच्या उपचारावरचं पुस्तक आलं आणि वोरिसहोफेन या त्याच्या गावी रुग्णांची रीघ लागली. वय वाढत गेलं तसा क्नाइप अधिकाधिक सौम्य उपचारांकडे वळला, हे त्याच्या अनुयायांनी विसरू नये.

विसाव्या शतकात जंतुशास्त्र आणि प्रतिजैविकं आली, झऱ्यांचं वैद्यकीय महत्त्व अनेक देशांत ओसरलं. त्याच सुमारास सौंदर्यप्रसाधनांच्या जगाने स्पा उचलला. एलिझाबेथ आर्डनने १९३४ मध्ये अमेरिकेत आपलं निवासी केंद्र सुरू केलं. पुढे मुक्काम आठवड्यावर आला, मग दिवसावर, आणि शेवटी शहरातल्या तासाभराच्या अपॉइंटमेंटवर. गाठ सुटली ती इथे.

एक धोकाही नवा आला. कोमट पाणी आणि उडणारे तुषार यांत लीजिओनेला हे फुफ्फुसांचा आजार करणारे जिवाणू पोसले जातात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या गरम पाण्याच्या टबांमुळे साथ पसरली आणि ३२ माणसं दगावली. टबचं पाणी केव्हा बदललं, निर्जंतुक कसं करता, हे विचारायला संकोच करू नये.

या सगळ्याने ऋतुबदलातलं आजारपण खरंच टळतं का? नेदरलँड्समध्ये ३,०१८ लोकांवर झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या गरम शॉवरच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार पाणी, सलग ३० दिवस. त्या लोकांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आजारी असण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी होतच होती, तिच्यासकट कामावर जाण्याइतकी उभारी होती.

सॉनाबद्दलचा प्रयोग त्याहून जुना, १९९० चा, आणि छोटा आहे. २५ जणांनी सहा महिने नियमित सॉना घेतला, २५ जणांनी घेतला नाही. सॉना घेणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली. झालेल्या सर्दीचा जोर किंवा मुक्काम यांत विशेष फरक नव्हता. आणि हा लाभ मुख्यतः दिसला तो शेवटच्या तीन महिन्यांत, तेव्हा सर्दीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आधीचे तीन महिने ती माणसं नुसती आठवड्यामागून आठवडे घाम गाळत होती.