महापालिका शाळेत मुलांना शिकवायचंय? अर्ज अडकतो तो इथे

शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवण्यासाठी विद्यांजली पोर्टलवर नाव नोंदवलं, प्रोफाइल भरलं, पण शाळेकडून काहीच कळत नाही, ही तक्रार सारखी कानावर येते. बहुतेकांचं अडतं ते एकाच ठिकाणी: नोंदणीलाच ते अर्ज समजून बसतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या या पोर्टलवर (सध्याचं रूप सप्टेंबर २०२१ पासूनचं) आधी शाळा आपली गरज टाकते. ती गरज शोधून आपण तयारी दाखवायची आणि मग शाळेनं होकार द्यायचा. तुम्ही शाळा निवडलीच नाही, तर तुमचं नाव तिथं नुसतं पडून राहतं. निवडल्यावरही मुख्याध्यापकांना समक्ष भेटाच. पोषण आहाराच्या नोंदींपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात असतं; पोर्टल रोज उघडायला त्यांना सवड कुठली?

पात्रतेचा बाऊ करू नका. निवृत्त शिक्षक, नोकरदार, गृहिणी, माजी विद्यार्थी, सगळे चालतात. मानधन नाही, आणि नेमलेल्या शिक्षकाची जागा भरून काढायलाही आपण जात नाही.

खरा घोळ पोलीस पडताळणीच्या दाखल्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर शाळा याबाबत काटेकोर झाल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण शाळा म्हणते आधी दाखला आणा, आणि दाखल्याच्या ऑनलाइन अर्जात तो मागणाऱ्या संस्थेचं पत्र जोडायला सांगतात. या चक्रात भली भली माणसं कंटाळून नाद सोडतात. इच्छुकाला असं दारोदार फिरवण्यापेक्षा शाळांनी पत्राचा एक नमुना तयार ठेवला, तर कुणाचं काय बिघडणार आहे? तोवर तुम्हीच दोन ओळींचा मजकूर लिहून न्या: अमुक व्यक्ती आमच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून येऊ इच्छिते, तिची पडताळणी व्हावी. मुख्याध्यापकांकडून तो शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. भाड्याने राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल, तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा. नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी पूर्वी झालेली पडताळणी इथे चालेल असं गृहीत धरू नका. आधार, फोटो, शिक्षणाचं प्रमाणपत्र ही बाकीची कागदपत्रं नेहमीचीच.

वेळेच्या रकान्यात 'शनिवार-रविवार' लिहिणाऱ्यांना बहुधा नकारच येतो. रविवारी शाळा बंद आणि शनिवारी सकाळीच सुटते. आठवड्यातला एक ठरावीक वार आणि तास लिहा, शाळा कोणत्या सत्रात भरते ते विचारून. विषयातही 'सर्व विषय' नको. 'सहावी-सातवी, गणित, मराठी माध्यम' असं नेमकं लिहा. मुंबईत महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते, त्यामुळे माध्यम चुकलं की अर्ज भलत्याच शाळेकडे जातो.

एक कळकळीची सूचना. मुलांचे फोटो काढून कुठेही टाकू नका, आणि एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवायला बसू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा तसा धोका असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं स्वयंसेवकावरही बंधनकारक आहे.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात जरा उशिरा. शाळेचं पत्र एप्रिलमध्येच, परीक्षांच्या गडबडीतून मुख्याध्यापक मोकळे होताच मागून घ्या. मे महिन्यात सही करायला कुणी भेटत नाही.