डेव्ह टॅरस आणि क्लेझ्मरच्या गादीचा वाद : पार्श्वभूमी

क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नकार्यात वाजणारं संगीत. त्यातले क्लॅरिनेटवादक डेव्ह टॅरस यांचा जन्म युक्रेनमधल्या तेर्निव्का गावच्या वाजंत्री घराण्यातला. पहिल्या महायुद्धात ते झारच्या लष्करी बँडमध्ये होते. 1921 मध्ये न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा सामानाच्या निर्जंतुकीकरणात त्यांची क्लॅरिनेट निकामी झाली म्हणतात. सुरुवातीला फरच्या कारखान्यात राबावं लागलं.

त्या वेळी शहरात दबदबा होता दुसरे क्लॅरिनेटवादक नाफ्तुले ब्रँडवाइन यांचा. पूर्व युरोपातल्या गॅलिशिया प्रांतातून आलेला हा माणूस स्वतःला ज्यू संगीताचा राजा म्हणवून घ्यायचा. बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवायचा, एकदा तर अंगावर विजेच्या दिव्यांची माळ लावून रंगमंचावर आला आणि घामामुळे शॉक बसून मरता मरता वाचला, असे किस्से आहेत. किती खरे, किती तिखटमीठ लावलेले, देव जाणे.

1925च्या सुमारास रंगमंचावर गाजत असलेल्या एका ज्यू वाद्यवृंदातून ब्रँडवाइन गेले आणि त्यांच्या जागी टॅरस आले. ही अदलाबदल आजही वादाची आहे. ब्रँडवाइन यांची दारू आणि बेशिस्त नडली, असं सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नसेलही. पण सगळा दोष बाटलीवर ढकलणं सोयीचं आहे. ब्रँडवाइन यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, टॅरस यांना लष्करी बँडमुळे ते सफाईने येत होतं. नाटक कंपन्या, रेडिओ, रेकॉर्डिंग, सगळीकडे समोर कागद ठेवला की लगेच वाजवणारा माणूस हवा होता. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तिथे लहरीपणा परवडत नाही. 1927नंतर ब्रँडवाइन यांची ध्वनिमुद्रणं जवळपास थांबली आणि टॅरस यांच्याकडे कामाची रीघ लागली.

1924च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट अरुंद झाली. नवे वादक, नव्या चाली येणं आटलं. मग टॅरस वाजवतील तीच अमेरिकेतली रीत ठरत गेली. बेसारबियाकडचा (आजच्या मोल्दोव्हाच्या भागातला) ‘बुल्गार’ हा नाच लग्नांत बाकीच्या नाचांना मागे टाकून बसला, त्यात त्यांचा वाटा मोठा. 1950च्या दशकात त्यांनी जावयासोबत जॅझची फोडणी दिलेली एक एलपी काढली. ती तेव्हा फारशी चालली नाही, आज मात्र जाणकार ती जपून ठेवतात.

सत्तरच्या दशकात काही तरुण वादक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. क्लेझ्मरच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात अनेकजण तिथूनच धरतात. 1984 मध्ये अमेरिकेचा लोककलेतला सर्वोच्च सन्मान मिळाला, 1989 मध्ये ते गेले.

गंमत अशी, की त्याच पुनरुज्जीवनाने ब्रँडवाइन यांनाही परत आणलं. ते 1963 मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडे शिकायला जाणं शक्य नव्हतं. पण त्यांच्या जुन्या तबकड्यांमधला सुराच्या टोकाला येणारा तो हुंदका, ‘क्रेख्ट्स’, पोरं पुन्हा पुन्हा सुई मागे नेऊन उतरवू लागली.