स्टेअरिंग मधेच जड होतं आणि गाडी थरथरते? आधी अर्थिंग मोजा

मागच्या जूनमधली गोष्ट. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुलाखाली यू-टर्न घेत होतो, पाऊस धो धो, एसी चालू, वायपर फुल, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर पण चालू, आणि अर्ध्या वळणात स्टेअरिंग एकदम दगड झालं. पिवळा दिवा लागला, इंजिन थरथरायला लागलं, बायको म्हणाली, "अहो, बंद पडतेय का गाडी?" दोन्ही हातांनी ओढून कशीबशी बाजूला घेतली, बंद करून परत सेल्फ मारला तर सगळं ठीक, जणू काही झालंच नव्हतं. पुढचे चार दिवस शांत, पाचव्या दिवशी सोसायटीत पार्किंग करताना परत तेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, स्टेअरिंगचा फॉल्ट कोड आला, आणि पूर्ण स्टेअरिंग कॉलम बदलायला सांगितला, ४२ हजार. मिसिंगसाठी, म्हणजे इंजिन अडखळतं त्यासाठी, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करायचे पैसे वेगळे. म्हणजे दोन आजार, दोन बिलं. पण मला एकच गोष्ट खटकत होती की दोन्ही त्रास नेहमी एकाच क्षणी होतात, तर मग कारणं दोन कशी?

आता हे पॉवर स्टेअरिंग चालतं कसं ते बघू. जुन्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाचा दाब तयार करायचा, १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत ते विकायला आणलं. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत तेल काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच पद्धत आहे. तुम्ही चाक फिरवता तेव्हा दांड्यातली एक बारीक सळई किंचित पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्यानुसार मोटरला करंट मिळतो. गाडी उभी असताना टायर रस्त्यावर घासत फिरवायचा असतो म्हणून तेव्हा सगळ्यात जास्त करंट लागतो, हायवेला फार थोडा. म्हणूनच हा त्रास यू-टर्नला आणि पार्किंगलाच होतो, वेगात असताना सहसा नाही. मोटर बंद पडली तरी स्टेअरिंग आणि चाकांचा लोखंडी जोड तसाच असतो, गाडी वळते, फक्त ताकद लावावी लागते, हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा कारण घाबरून हात सोडला तर ते जास्त धोक्याचं.

ही मोटर जागच्या जागी वळवताना ५० अँपिअर सहज ओढू शकते. १४ व्होल्ट गुणिले ५० म्हणजे ७०० वॉट, घरातल्या मिक्सरएवढं. ऑल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा) साधारण ६० टक्के कार्यक्षम धरला तर तेवढ्यासाठी इंजिनला दीड हॉर्सपॉवर जास्तीची द्यावी लागते, आणि तीही ७५०-८०० आरपीएमवर, जेव्हा ऑल्टरनेटर स्वतःच हळू फिरत असतो. चांगल्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लगेच थोडी हवा जास्त सोडून आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, सांभाळतो, आपल्याला कळतही नाही. पण व्होल्टेज पडलं तर इंजेक्टर उशिरा उघडतात, ठिणगी देणारी कॉइल पूर्ण चार्ज होत नाही, ठिणगी कमजोर, इंजिन अडखळतं. व्होल्टेज आणखी पडलं की स्टेअरिंगचा कंट्रोलर मोटर बंद करतो, आणि बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून चालू करेपर्यंत ती बंदच राहते. म्हणून रीस्टार्ट केल्यावर "ठीक झाली" असं वाटतं.

मग व्होल्टेज पडतं कुठे? वागळे इस्टेटला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांनी बोनेट उघडून पहिल्यांदा विचारलं, "साहेब, सकाळी सेल्फ कसा मारते?" आणि मला आठवलं, महिनाभर सेल्फ जरा रडतच फिरत होता, मी बॅटरी जुनी झाली म्हणून सोडून दिलं होतं.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने जवळपास तुटलेलं. ऑल्टरनेटर इंजिनला बोल्टने लावलेला, त्याचा मायनस म्हणजे त्याची स्वतःची बॉडी. स्टेअरिंग, लाइट, पंखा या सगळ्यांचा करंट गाडीच्या पत्र्यातून परत इंजिनकडे जातो तो एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून, हीच अर्थिंगची पट्टी. माझ्या गाडीत ती पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली होती, रोज पाणी उडणारी जागा. ठाण्यात खाडीची खारी हवा, वर तुंबलेल्या रस्त्याचं पाणी, पट्टीवर हिरवा थर चढलेला आणि बोटाने दाबली तर अर्ध्या तारा पावडरसारख्या सुटल्या. इंजिन थरथरलं की उरलेल्या तारा कधी टेकायच्या कधी नाही, त्यामुळे त्रास कधी व्हायचा कधी नाही.

आता मुख्य मुद्दा, कारण इथेच बहुतेक जण फसतात. आधीच्या गॅरेजने मल्टिमीटरची बीप (दोन टोकं जोडलेली आहेत का एवढंच सांगणारी) लावून "अर्थिंग ओके" म्हटलं होतं. बीप वाजायला एक तार पुरते! ओहमच्या नियमाने हिशोब करा: ४० अँपिअर जाताना ०.०३ ओहम अडथळा असला तरी १.२ व्होल्ट खाल्ले जातात, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा याहून जास्त असतो, त्याला ०.०३ दिसणार कसा. म्हणून अडथळा मोजायचा नाही, लोड टाकून व्होल्टेज मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल वायर इंजिनच्या स्वच्छ धातूवर, गाडी चालू, एसी, लाइट सगळं चालू, आणि दुसऱ्याने जागेवर स्टेअरिंग फिरवायचं. ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, चिन्ह कुठलंही असो, तर गडबड. माझं −०.९ आलं आणि अधूनमधून −१.६ वर उडी मारत होतं. ते वजाचं चिन्ह बघून मी गोंधळलो, मग इलेक्ट्रिशियन काकांनी सेल्फ मारायला लावला आणि चिन्ह उलटं झालं: सेल्फ मारताना करंट इंजिनकडून बॅटरीकडे परततो, गाडी चालू झाली की तो ऑल्टरनेटरकडे परततो. दिशा उलटली की चिन्ह उलटलं. खरं सांगतो, शाळेत शिकलेली वीज त्या दिवशी डोळ्यांनी दिसली.

नवीन पट्टी आणि दोन बोल्ट, दोन्ही टोकांचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, वरून पेट्रोलियम जेली, एकूण ६५० रुपये. आकडा −०.०४ वर आला.

सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. बॅटरी थकलेली असू शकते (गाडी काही तास उभी ठेवून मोजा, १२.६ च्या आसपास हवं, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी), ऑल्टरनेटरचे ब्रश झिजलेले किंवा पट्टा सरकत असेल तर गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ ऐवजी आकडा खाली येतो. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे एकदा मोजून घाबरू नका, लाइट-एसी लावून परत मोजा. स्टेअरिंगला हात न लावता पण आयडल हलत असेल तर कार्बन, प्लग, फाटलेला व्हॅक्यूम पाइप बघा. तेलवाल्या स्टेअरिंगमध्ये वळताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर आधी पट्टा आणि तेल.

पाऊस संपत आल्यावर, सप्टेंबरात, परत तसंच मोजलं. −०.०५.