हातगाडीवाल्यांसाठी स्वनिधी लोन: बेळगावात अर्ज कुठनं सुरू करायचा

२०२१ चा जून आठवतोय का, १४ तारखेला कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी लॉकडाऊन सैल केला आणि जे ११ जिल्हे तसेच ठेवले त्यात आपलं बेळगाव होतं, म्हणजे कपड्याच्या, चपलांच्या गाड्यांवरची ताडपत्री अजून एक आठवडा निघाली नाही. आणि परवानगी मिळाली म्हणून गाडी लगेच लागत नाही ओ, दुकानदाराचा माल शटरच्या आत असतोय, गाडीवाल्याला पहिल्या दिवशी माल उचलायलाच रोख लागते आणि ती तर घरात बसून खाऊन झालेली. याच अडचणीसाठी केंद्र सरकारनं १ जून २०२० ला पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांच्या कर्जाची योजना काढली होती. गणपत गल्लीत अजून लोक विचारतात, ती कोरोनाबरोबर संपली नव्हं? नाही संपली, ऑगस्ट २०२५ मधी केंद्रानं मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवलीय.

मिळतं किती ते पटकन सांगतो. पहिलं लोन १५ हजारपर्यंत (आधी १० होतं), ते नीट फेडलं की दुसरं २५ हजार, मग तिसरं ५० हजार. तारण काही नको. पहिलं एका वर्षात महिन्याच्या हप्त्यानं फेडायचं, व्याज बँक लावते तेच पण हप्ते वेळेत गेले तर ७ टक्के सबसिडी तुमच्या खात्यात येते, आणि लवकर फेडलं म्हणून दंड नाही. फोनपे-गूगलपेवर गिऱ्हाईक घेतलं तर थोडा कॅशबॅक पण आहे.

आता खरी गोष्ट. लोक आधी बँकेत जाऊन उभे राहतात आणि तिथनं परत येतात, कारण बँक विचारते तुम्ही फेरीवाले आहात याचा कागद कुठाय. तो कागद पालिकेकडं असतो, म्हणून सुरुवात तिथनंच करायची. पालिकेचं फेरीवाला ओळखपत्र किंवा विक्री प्रमाणपत्र असेल तर प्रश्नच नाही. पालिकेच्या फेरीवाला सर्व्हेत नाव आहे पण कार्ड मिळालं नाही, तरी चालतं. सर्व्हेच्या वेळी तुम्ही नेमके गावाला गेला होता, नाव राहिलं, तर पालिकेकडं शिफारसपत्र मागायचं, म्हणजे तुम्ही फेरीवाले आहात असं त्यांनी लिहून दिलेलं पत्र. काउंटरवर कन्नड बोलता येत नाही म्हणून घाबरू नका, कन्नडातही त्याला शिफारसु पत्रच म्हणतात, आणि फेरीवाल्याला बीदी बदी व्यापारी, एवढे दोन शब्द पाठ असले की निम्मं काम होतं बघा. सोबत पुरावा म्हणून फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व, लॉकडाऊनमधी सरकारी मदत जमा झाली असेल तर त्याची एन्ट्री, जुन्या लोनचा कागद, जे असेल ते जोडा. काहीच नसेल तर जागेवर चौकशी करूनही पत्र देता येतं. पालिकेला यासाठी १५ दिवस दिलेत, तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

सीमेवरच्या लोकांचा एक प्रश्न नेहमीचा, आधार चंदगड तालुक्यातलं आणि बुट्टी लागते बेळगावात, मग अर्ज कुठं? जिथं धंदा करता तिथं. आजूबाजूच्या गावातनं येऊन शहरात विकणारे अशी योजनेत वेगळी कॅटेगरीच आहे, शिफारसपत्र पण धंद्याच्या जागेच्या पालिकेकडनंच घ्यायचं. निपाणीत विकत असाल तर निपाणीची नगरपालिका, खानापुरात असाल तर तिथली पट्टण पंचायत.

कागद तसे थोडे आहेत, आधार, वोटर आयडी, बँक पासबुक आणि वरचा पालिकेचा कागद. घोळ होतो तो मोबाईल नंबरचा. तुडयेकडनं मेथी घेऊन येणाऱ्या एका मावशींचा अर्ज भरायला बसलो, सगळं झालं आणि ओटीपी येईना, मग कळलं आधारला नंबर भाच्याचा, आणि भाचा पुण्यात कंपनीत शिफ्टला. मावशी फोन लावून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत बसल्या. म्हणून आधी आधार सेंटरला जाऊन स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या. दुसरा घोळ नावाचा, आधारवर एक स्पेलिंग, पासबुकात दुसरं, कन्नडात लिहिलेलं तिसरंच. आधार आणि पासबुक तरी एकसारखं करून घ्या, नाहीतर बँकेत अडकतंय.

मग अर्ज स्वनिधीच्या पोर्टलवर स्वतः भरा किंवा ऑनलाइन सेंटरमधी भरून घ्या, बँक निवडताना जिथं आधीपासून खातं आहे तीच टाकलेली बरी, साहेब तोंडओळखीचे असतात. अर्जाला सरकारी फी नाही. लोन पास करून देतो म्हणून टक्का मागणारे भेटतात, त्यांना चहा पण पाजू नका. अर्ज नंबर कागदावर लिहून ठेवा, स्टेटस त्यावरच दिसतं.